केनियाची सफारी: आधी माती बघा, मग प्राणी

नाशिकच्या एका कुटुंबाचा प्रश्न आला आहे. नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि 68 वर्षांच्या आई, असे चौघे ऑगस्टच्या शेवटी आठ रात्रींसाठी निघणार आहेत. एजंटने दिलेला आराखडा असा: नैरोबी 1, अंबोसेली 1, नाकुरू 1, मसाई मारा 2, सेरेंगेटी 2, गोरोंगोरो 1. त्यांना विचारायचंय की हे जमेल का, विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या आफ्रिकी हरणांचे) कळप नदी ओलांडताना नक्की दिसतील का, ‘बिग फाइव्ह’ (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस) पूर्ण होतील का. आणि ताडोबात दोनदा वाघ हुकला, तसं तिथे होणार नाही ना?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, बाकीच्यांची उत्तरं त्यातूनच निघतील. ताडोबात आपण झाडीत दडलेला एक प्राणी शोधत असतो. चितळाचा कॉल आला की जिप्सी तिकडे, वानर ओरडलं की तिकडे. तीन-चार तासांत दिसला तर दिसला. मारात हा हिशेबच लागू होत नाही. तिथे आडोसा नाही, नुसतं गवत आहे. पहिल्या तासाभरात जिराफ, झेब्रा, रानम्हशी, बहुतेकदा हत्तीही दिसून जातात आणि सिंहाची वाट बघायला दुसरा दिवस सहसा लागत नाही. त्यामुळे हुकण्याची काळजी सोडा. काळजी वेगळीच करायची आहे: दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीतून हमखास आवाज येतो, “झालं ना सगळं बघून? आता पुढे काय?”

सतरा वर्षं मी मराठी मंडळींना घेऊन केनिया-टांझानियात जातोय आणि हा प्रश्न दर गटात एकदा तरी ऐकतोय. तो येतो तो प्राण्यांची यादी घेऊन आलेल्यांकडून, कारण यादी दीड दिवसात संपते. म्हणून निघण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवतो की तिथे माती बघायची. कुठली माती, पाणी कुठून येतं, गवत गुडघ्याएवढं की घोट्याएवढं, हे कळलं की तिथे कोण उभं असेल हे तुमचं तुम्हालाच सांगता येतं. आणि मग चार दिवसही कमी पडतात.

आता तुमचा आराखडा. स्पष्ट बोलतो, हा नकाशाला पट्टी लावून केलेला आराखडा आहे. केनियातलं मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी एकमेकांना चिकटून आहेत हे खरं, विल्डबीस्टना सरहद्द नसते हेही खरं, पण तुम्हाला आहे. दोन अभयारण्यांमधला थेट रस्ता पर्यटकांसाठी बंद आहे. इसेबानियाच्या नाक्यावरून मोठा वळसा घ्यायचा, तिथे केनियाची गाडी सोडायची, टांझानियाच्या गाडीत सामान टाकायचं. दिवस गेला. अंबोसेली नैरोबीच्या दक्षिणेला, नाकुरू वायव्येला. एकाकडून दुसरीकडे जाताना पुन्हा नैरोबीची वाहतूक ओलांडायची. तोही दिवस गेला. आठ रात्रींत निम्मा वेळ तुम्ही जनावरांऐवजी ट्रकांच्या मागच्या पाट्या बघाल, आणि आईंच्या कमरेचं काय होईल ते मी लिहीत नाही.

मी सुचवेन: नैरोबी 1, अंबोसेली 2, नैवाशा 1, मसाई मारा 4. टांझानिया या खेपेला पूर्ण सोडा. ती वेगळी सहल आहे, वेगळ्या महिन्यातली. का ते पुढे येईल.

अंबोसेलीला बहुतेक लोक किलिमांजारोच्या फोटोसाठी जातात. 5,895 मीटरचा तो डोंगर टांझानियात आहे, बघायचा मात्र केनियातून. ऑगस्टमध्ये तो ढगांत असण्याचीच शक्यता जास्त. उजाडताना तासभर आणि मावळतीला थोडा वेळ डोकं बाहेर काढतो. दोन रात्री म्हणतोय त्याचं एक कारण हेच, दोन पहाटा मिळतात. दुसरं कारण पाणी. अंबोसेलीत पाऊस माण-खटावपेक्षाही कमी. मधोमध कोरड्या तळ्याची पांढुरकी माती, दुपारी तिच्यावर भोवरे फिरतात आणि अंगावर पिठाच्या गिरणीतल्यासारखी धूळ बसते. अशा जागी शेकडो हत्ती कसे? किलिमांजारोवर पडलेलं पाणी त्याच्या लाव्हाच्या सच्छिद्र खडकात मुरतं, जमिनीखालून वाट काढतं आणि अंबोसेलीत झऱ्यांच्या रूपाने वर येतं. त्यातून एनकोंगो नारोकसारख्या दलदली बारा महिने हिरव्या राहतात. तुम्ही फोटो काढता तो डोंगर म्हणजे तिथल्या हत्तींची पाण्याची टाकी.

हे डोक्यात ठेवून सकाळी दहाच्या सुमारास दलदलीच्या काठाला गाडी लावा. कोरड्या बाजूने हत्तिणींच्या रांगा येतात, धुळीने पार पांढऱ्या झालेल्या, पिल्लं मधे. पाण्यात शिरतात, पोटापर्यंत रुततात, लव्हाळ्याचे झुबके उपटून गुडघ्यावर आपटून माती झाडतात आणि खातात. बाहेर पडताना प्रत्येक हत्ती दोन रंगांचा असतो: खालून काळाभोर ओला, वरून राखाडी. मधली रेघ फूटपट्टीने आखल्यासारखी. पिल्लाची रेघ जवळजवळ कानापर्यंत. हत्तींच्या अभ्यासक सिंथिया मॉस यांनी 1972 मध्ये इथल्या हत्तींचा अभ्यास सुरू केला आणि तो आजही चालू आहे. प्रत्येक कुटुंबाला अक्षरांचं नाव, प्रत्येक हत्तीची ओळख कानाच्या कडेवरच्या खाचांवरून. तुमच्या मुलीला सांगा, दोन हत्तिणींच्या कानांची चित्रं काढून आण. दोन तास ती एकदाही “कंटाळा आला” म्हणणार नाही.

नाकुरू मी वगळलं ते फ्लेमिंगोंमुळे. जुन्या पोस्टरवरचा तो गुलाबी काठ डोळ्यांपुढे ठेवून जाल तर निराश व्हाल. लहान फ्लेमिंगो खाऱ्या, सोडायुक्त पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ खातो. गेल्या दशकाच्या सुरुवातीपासून रिफ्ट व्हॅली या लांबलचक खचदरीतल्या तळ्यांचं पाणी वाढत गेलं, नाकुरूचं पाणी पातळ झालं, शेवाळ घटलं, आणि बरेचसे पक्षी बोगोरियासारख्या दुसऱ्या तळ्यांकडे सरकले. कधी परततात, पुन्हा जातात. नाशिककरांना खरं तर जवळचा पर्याय आहे, हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीवर याच जातीचे थवे उतरतात. नाकुरूला गेंडे चांगले दिसतात हे मान्य, पण त्याची सोय आपण नैरोबीतच करू.

नैवाशा तळ्याकाठी एक रात्र आईंसाठी आणि मुलीसाठी. गाडीतून उतरायला मिळतं, होडीतून पाणघोडे आणि मत्स्यगरुड बघता येतात, क्रेसेंट आयलंडवर जिराफांच्या शेजारून पायी फिरता येतं. तीन दिवस पत्र्याच्या डब्यात बसल्यावर पायाखाली जमीन लागणं ही चैन वाटते.

आता मारा. इथे जरा रेंगाळतो.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्येच टालेक नदीच्या बाजूला आमची गाडी रुतली. मारात ऑगस्टच्या दुपारी वळवासारखी सर येऊन जाते, तशी आली होती. चाकांवर माती अशी चढली की टायर दिसेनात. आजूबाजूला नीट बघून गाइडने आम्हाला गाडीला चिकटून उभं राहायला सांगितलं. गटात यवतमाळचे एक कापूस उत्पादक शेतकरी होते. ते वाकले, चिमूटभर माती घेतली, अंगठ्याने चोळली आणि म्हणाले, “अरे, ही तर आपली पऱ्हाटीची जमीन!” मी गाइडला विचारलं, तुम्ही या मातीला काय म्हणता? तो फावडं मारता मारता म्हणाला, “ब्लॅक कॉटन.” केनियात सगळे हेच म्हणतात, ड्रायव्हरपासून रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअरपर्यंत. हिंदुस्थानातल्या काळ्या मातीला इंग्रजांनी दिलेलं नाव पुढे आफ्रिकेतल्या तसल्याच मातीला चिकटलं. ज्या जमिनीत कधी कापूस पेरला नाही, तिचं नाव कापसाचं.

यवतमाळकरांना पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसून भेगाळते आणि त्या ओढाताणीत कोवळ्या झाडांची मुळं तुटतात. वर गवताची स्पर्धा, मधूनमधून वणवा, हत्तींची तोडफोड. म्हणून मैलोन्‌मैल गवत आणि मधे एखादंच झाड. त्या एकट्या झाडाला पाहुणे सरसकट बाभूळ म्हणतात, पण मारात ते पुष्कळदा बॅलनाइट्स असतं, आपल्या हिंगणबेटाचं भावंड. काळ्या मातीतच टिच्चून राहणारी एक बुटकी बाभूळही आहे, व्हिसलिंग थॉर्न. तिच्या काट्यांच्या बुडाशी पोकळ गाठी असतात, गाठींत मुंग्या राहतात. जिराफाने जीभ लावली की मुंग्या जिभेवर धावतात. मुंग्यांनी पाडलेल्या भोकांतून वारा गेला की शीळ वाजते, म्हणून ते नाव. इंजिन बंद करायला सांगून ऐका.

गवताकडे बघताना एक खूण लक्षात ठेवा. उंच, जरड गवत असलं तर आधी झेब्रे येतात. त्यांना वर-खाली दोन्हीकडे पुढचे दात आहेत, ते ताठ काड्या कापतात. खालचा पाला उघडा पडला की विल्डबीस्ट. त्यांनी आखूड केलेल्या गवतात मग नवी पालवी फुटते आणि ती टिपायला थॉमसनची हरणं येतात, गाइड त्यांना लाडाने ‘टॉमी’ म्हणतात. एकच शेत, तीन कापण्या. आणि ज्या पट्ट्यात टॉमी विखुरलेले दिसतील तिथे दुर्बीण लावून वाळवीची वारुळं एकेक करून तपासा. एखाद्या वारुळावर टोपी उभा असतो (टोपी म्हणजे जांभळट मांड्यांचं मोठं हरीण, नावाला हसू नका), आणि एखाद्यावर चित्ता. चित्त्याला उंचवटा लागतो, आखूड गवत लागतं आणि टॉमी लागतात. तिन्ही जिथे जमतात तिथे तो. बिबट्या शोधायचा तर मोकळ्यावर वेळ घालवूच नका, नदीकाठची झाडी आणि उंबराच्या जातीच्या झाडांच्या आडव्या फांद्या बघा. आपल्याकडे चित्ता-बिबट्याचा गोंधळ कायमचाच आहे, तर ओळख अशी: चित्त्याच्या डोळ्यापासून ओठापर्यंत काळी रेघ उतरते, काजळ ओघळल्यासारखी.

नदी ओलांडण्याचं आता. “नक्की दिसेल” असं जो सांगेल त्याच्याकडून बुकिंग करू नका. जुलै ते ऑक्टोबर कळप मारा नदीच्या आसपास असतात, ऑगस्टचा शेवट हा चांगला काळ आहे, एवढंच खात्रीने सांगता येतं. ते एकदाच ओलांडून पलीकडे जात नाहीत. पाऊस जिथे पडला तिकडे, कधी या काठाला, कधी त्या. मी एकदा तीन तास वीस मिनिटं बघितलेली गोष्ट सांगतो. पलीकडच्या काठावर काही हजारांचा कळप. धूळ, आणि त्यातून सतत येणारं ते नाकातलं हुंकारणं. एक झेब्रा मादी उतरून पाण्यापर्यंत आली, नाक लावलं, थबकली, वळली. तिच्या मागचे शंभर विल्डबीस्ट एकमेकांवर आदळत वर पळाले. पुन्हा जमले, पुन्हा उतरले, पुन्हा पळाले. आमच्या गाडीतल्या भाकरवड्या संपल्या. शेवटी कळपाने पाठ फिरवली आणि सगळे शांतपणे चरायला लागले, जणू काही झालंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वेगळ्याच वळणावर, पाच मिनिटांचीही सूचना न देता, एक उतरला आणि मागून सगळे कोसळले. चौदा मिनिटांत संपलं. कड्यावर दोन पिल्लं राहून गेली, ती बराच वेळ काठाने इकडून तिकडे धावत होती. लोक मगरींबद्दल विचारतात, पण मगरींपेक्षा कितीतरी जास्त जनावरं गर्दीत आणि प्रवाहात बुडून मरतात. एका अभ्यासानुसार वर्षाला सरासरी 6 हजारांहून अधिक. ती कलेवरं मग गिधाडं, मारबू करकोचे, मासे आणि महिनोन्‌महिने नदीचं पाणी पोसतात.

म्हणूनच मारात चार रात्री. दोन रात्रींत नदीकाठचा एक दिवस फुकट गेला तर माणूस चिडतो, ड्रायव्हरला घाई करायला लावतो, आणि मग गाड्या कळपाची वाट अडवतात. हे मी उगाच म्हणत नाही. मारातल्या चित्त्यांवरचा 2018 चा अभ्यास आहे: गाड्यांची वर्दळ फार असलेल्या भागातल्या माद्यांची सरासरी 0.2 पिल्लं स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत पोचली, कमी वर्दळीच्या भागात 2 हून अधिक. एका प्राण्याभोवती पाचच गाड्या हा तिथला नियम आहे. पाळला जातोच असं नाही. तुमच्या ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगून टाका की गर्दी असेल तर आम्हाला नको. तो खूश होतो, पाहुण्यांनी रागवू नये म्हणूनच तो घुसत असतो.

जमलं तर चारांतल्या दोन रात्री मुख्य अभयारण्याबाहेरच्या एखाद्या कन्झर्व्हन्सीत काढा. मसाई जमीनमालकांकडून भाड्याने घेतलेली ही कुरणं. गाड्या मोजक्या, रात्रीची सफारी चालते, भाड्याचे पैसे थेट जमीनमालकांना जातात. महाग पडतं. मात्र मुख्य अभयारण्याचं शुल्कही 2024 पासून जुलै-डिसेंबरमध्ये परदेशी प्रौढ माणशी दिवसाला 200 डॉलर झालंय, तेव्हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडून बघा.

सेरेंगेटी वेगळ्या महिन्यात का, तेही मातीमुळेच. त्याच्या आग्नेयेला ओल दोइन्यो लेंगाई आहे, मसाई भाषेत देवाचा डोंगर. कार्बोनेटाइट, म्हणजे सोडा-चुन्यासारख्या क्षारांचा, लाव्हा ओकणारा जगातला एकमेव जागता ज्वालामुखी. लाव्हा काळा बाहेर पडतो आणि हवेतल्या ओलाव्याने काही दिवसांत पांढरा होतो. त्याची आणि शेजारच्या जुन्या ज्वालामुखींची राख वाऱ्याने पश्चिमेला पसरली. त्या राखेत कॅल्शियम, फॉस्फरस भरपूर, पण खाली चुनखडीसारखा टणक थर बसलेला. झाडाचं मूळ तो भेदू शकत नाही, गवत मात्र घोट्याएवढं आणि कसदार येतं. दूध पाजणाऱ्या मादीला हवं ते सगळं त्यात असतं. म्हणून जानेवारी ते मार्च विल्डबीस्ट एन्डुटूच्या त्या सपाटीवर जमतात आणि बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. पिल्लू दहा मिनिटांच्या आत उभं राहून आईमागे धावतं. धावावंच लागतं, तरस तिथेच बसलेले असतात. पुढे कोरड्या मोसमात गवत वाळलं, डबकी खारट झाली की कळप उत्तरेला मारा नदीच्या बारमाही पाण्याकडे निघतात. तेव्हा ऑगस्टमध्ये सेरेंगेटीची ती सपाटी बघणं म्हणजे आषाढी संपल्यावर पंढरपुरात वारी शोधणं.

आणि हे तेरा लाखांच्या घरातले कळप कायम असेच होते असं समजू नका. 1890 च्या दशकात गुरांबरोबर पूर्व आफ्रिकेत बुळकांडी पसरली, आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना नाव ठाऊक असेल. मसाईंची गुरं मेली, माणसं उपाशी मेली, विल्डबीस्ट आणि रानम्हशीही मेल्या, आणि रोग पुढे अनेक दशकं रेंगाळला. 1960 च्या सुमारास विल्डबीस्ट अडीच लाखांच्या आसपास होते. मग गुरांना लसी टोचल्या. रानातल्या जनावराला कुणी सुई लावली नाही, तरी गुरांतला रोग थांबला तसा त्यांच्यातलाही थांबला, आणि 1977 पर्यंत संख्या तेरा लाखांवर गेली. खाणारी तोंडं वाढली, गवत उरेना, वणव्यांना जळायला काही उरेना, आणि झाडं परत येऊ लागली. आपण ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणतो त्याच्या मुळाशी गोठ्यातली लस आहे.

गोरोंगोरोही त्याच जानेवारी-मार्चच्या सहलीत घ्या. सहाशे मीटर खोल, तळाला 260 चौरस किलोमीटरची परात. त्यात जिराफ सोडून जवळपास सगळं आहे. ते उभे उतार जिराफाच्या पायांना झेपत नाहीत.

‘बिग फाइव्ह’ हा शिकाऱ्यांचा शब्द, पायी शिकार करताना सर्वांत धोकादायक ते पाच. केनियात शिकार 1977 पासून बंद आहे, यादी तेवढी उरली. तरी मुलीला पूर्ण करायची असेल तर अडचण गेंड्याची आहे, मारात काळे गेंडे मोजकेच. म्हणून पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नैरोबी नॅशनल पार्क गाठा. शहराला लागून 117 चौरस किलोमीटर, मागे उंच इमारती, पुढे गेंडा. हत्ती तिथे नाहीत, ते दुपारनंतर अंबोसेलीत भेटतीलच.

काही कामाच्या गोष्टी. यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते, पण साठीनंतर ती सरसकट देत नाहीत. आईंच्या डॉक्टरांशी आजच बोला, तिकिटं काढण्याआधी. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, ऑगस्टची पहाट डिसेंबरच्या महाबळेश्वरसारखी. छत उघडलं की कानटोपी लागते. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू डब्यांत किंवा कापडी पिशवीत. दुर्बीण प्रत्येकाला वेगळी, एकीवर चौघांची भांडणं होतात.

आईंना मागच्या चाकावरची सीट देऊ नका, मधल्या रांगेतली द्या, धक्के निम्मे होतात. दुपारचे डबे उघडायला गाइड गाडी बहुतेकदा एखाद्या एकट्या झाडाखाली लावतो. त्यांचं लहानपण खेड्यात गेलं असेल तर खाली पडलेलं फळ त्यांच्या हातात द्या. हिंगणबेटाच्या बिया पोखरून, दारू भरून दिवाळीत बार उडवायचे, ते त्या तुमच्या मुलीला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.